साप रंगवू या, साप ओळखू या

लहान मुलाच्या हातात कोरा कागद द्या आणि "साप काढ" म्हणा. ते फणा उभारलेला नागच काढील. धाराशिव शहराजवळच्या एका वस्तीत रविवारी सकाळी आम्ही काही कार्यकर्ते मुलांचा वर्ग घेतो. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर तिथे आम्ही हे करून पाहिले. तीसेक मुले-मुली होत्या. झाडून साऱ्या कागदांवर फणा! कुणाचा नाग हिरवा, कुणाचा पिवळा. एका मुलाने फण्यावर लाल मणी काढून त्याचे किरणही सोडले. दोघी बहिणींनी नागापुढे दुधाची वाटी ठेवली. चित्रे सुरेख होती यात शंका नाही. परंतु ती पाहून आम्हाला काळजी वाटली. आपल्या भागात रात्री झोपेत लेकरांचा जीव घेणारा साप वेगळाच आहे. त्याला फणा नसतो. आणि तो एकाही कागदावर नव्हता.

यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपण मोठ्यांनी जे दाखवले तेच त्यांनी काढले. कॅलेंडरवर नाग, सिनेमात नागीण, शाळेच्या तक्त्यावर 'न'ला नाग. आपल्या घरांतून पंचमीची पूजा गेली, पण ते चित्र काही गेले नाही. शिवाय आपल्याकडच्या बुद्धचरित्राच्या पुस्तकांत वादळी पावसात भगवंतांवर फणा धरणारा मुचलिंद नागराज असतोच. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याबाहेर नागराज आणि त्याची राणी कोरलेली आहे, राजाच्या मस्तकामागे फणांचे छत्र. आपल्या धाराशिवच्या लेण्यांत पार्श्वनाथाच्या मूर्तीवरही नागफणांचेच छत्र. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात ज्या नाग लोकांचा गौरवाने उल्लेख केला, ते नाग म्हणजे हाडामांसाची माणसे. हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते, नाहीतर ती गोंधळतात. एकाने आम्हाला विचारलेच, "काका, मग आपण सापाची लेकरं का?"

शिल्पातला नाग शिल्पात शोभून दिसतो. पण सरपणात हात घालणाऱ्या माऊलीला आणि जमिनीवर गोधडी टाकून झोपणाऱ्या लेकराला खरे साप माहीत हवेत. म्हणून या आठवड्याच्या कुटुंब पानावर आम्ही चित्रकलेचा पाठ देत आहोत. आईबापांनी तो मुलांबरोबर बसून करावा.

रंगपेटी नसली तरी अडत नाही. चुलीतला कोळसा काळ्याला, चुना पांढऱ्याला, गेरू तांबड्या-तपकिरीला, हळद पिवळ्याला, शेतातली ओली माती मातकट रंगाला. जुन्या वहीचे पाठकोरे कागद चालतील. आमच्या मुलांनी तर घराच्या मागच्या भिंतीवरच काढले. काही घरांत त्यावरून बोलणी बसली, तो भाग वेगळा.

आधी एक मोठी गोष्ट मुलांना सांगा. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य माणसाला निरुपद्रवी. माणसे दगावतात ती मुख्यतः चार जातींमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. हे चारही सापांना बालाघाटच्या डोंगररांगांचा, माळरानाचा आणि काळ्या रानाचा आपला मुलूख मानवतो.

पहिला कागद मण्यारीचा घ्या. आमचा आग्रहच आहे की नागाच्या आधी मण्यार काढावी. साधारण हातभर ते दोन हात लांब, गोल अंगाचा साप काढा. डोके लहान, मानेपासून फारसे वेगळे न दिसणारे. अंग कोळशाने गच्च काळे करा. खरी मण्यार चकचकीत निळसर काळी असते, म्हणून घरात कपड्याची नीळ असेल तर बोट बुडवून वरून फिरवा. आता चुन्याने आडवे पांढरे पट्टे ओढा. बारीक, सुतासारखे, बहुधा दोन-दोनच्या जोडीने. डोक्यावर आणि मानेवर पट्टा काढू नका. पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. पोट पांढरे ठेवा. झाली मण्यार.

चित्र काढून झाले की तिची रीत सांगा. ती दिवसा बिळात, विटांच्या ढिगात, दगडमातीच्या भिंतीच्या फटीत पडून राहते. रात्री बाहेर पडते. उंदीर, पाली आणि दुसरे सापही खाते. उंदरामागे किंवा पालीमागे ती घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. झोपेतल्या माणसाने कूस बदलली, हात पडला की चावते. तिचे दात इतके बारीक की चावल्याचे दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. डास चावला असेल म्हणून माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात मुरडा येतो, घसा दुखतो, उलटी होते. मग पापण्या जड होतात, उघडता उघडत नाहीत. बोलणे अडखळते, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास बंद पडतो. मण्यारीचे विष नसांवर जाते. स्नायूंना हुकूमच पोहोचत नाही.

आमच्या ओळखीच्या एका ऊसतोड कुटुंबातले हे दुःख आहे. पावसाळ्यात मंडळी गावीच होती. आठ वर्षांची मुलगी रात्री आईजवळ जमिनीवर झोपली. पहाटे पोट दुखते म्हणून उठली. आईने ओवा दिला. थोड्या वेळाने तिला उलटी झाली, मग ती म्हणू लागली, "माय, डोळे उघडंनात." घरच्यांना वाटले, रात्रीची झोप झाली नाही. अंगावर खूण नव्हती. कुणीतरी बाहेरची बाधा म्हटले. शेजारच्या गावात एका उतारा करणाऱ्याच्या ओट्यावर दोन तास गेले. तिथून जीप मिळवून दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत श्वास थांबला होता. दुपारी घर आवरताना भिंतीच्या कडेला काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. म्हातारी आजी म्हणाली, "ह्याला तर म्या दोनदा बघितलं होतं. फणा नव्हता म्हणून बिनविषारी समजले."

त्या आजीला आम्ही काय बोलणार? जन्मभर तिला कुणी दुसऱ्या सापाचे चित्र दाखवलेच नव्हते.

म्हणून माता-भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे एकाएकी पोटदुखी, उलटी सुरू झाली आणि पापण्या पडू लागल्या, तर खूण असो वा नसो, मण्यार चावली असे धरून थेट मोठ्या सरकारी दवाखान्याकडे निघावे. आणखी एक. मण्यारीच्या विषाने लुळा पडलेला माणूस मेल्यासारखा दिसतो. डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही, पण त्याला ऐकू येत असते, कळत असते. अशा रोग्याला वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर काही दिवस यंत्रावर राहून तो उठून घरी येतो. म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत आपण आशा सोडू नये आणि रडारड करून वेळ घालवू नये.

दुसरा कागद घोणशीचा. काही गावांत हिला परड म्हणतात. जाड, आखूड शेपटीचा, तिकोनी चपट्या डोक्याचा साप काढा. अंगाला गेरूत थोडी माती मिसळून तपकिरी रंग द्या. पाठीवर बदामाच्या आकाराच्या काळपट ठिपक्यांच्या तीन ओळी काढा, एक मधे, दोन बाजूंना. प्रत्येक ठिपक्याला काळी कडा आणि बाहेरून पांढरी बारीक किनार. दुरून पाहिले तर साखळी टाकल्यासारखे दिसते. मुलांना घोणस फार आवडते, कारण तिचा आवाज काढता येतो. ती कुकरच्या शिट्टीसारखी मोठ्याने फुसफुसते. ती अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, एका वेळी वीस-तीस किंवा त्याहून अधिक. सुस्त पडलेली असते, पण डिवचली तर विजेसारखी उसळते. सोयाबीन काढताना, गवत कापताना, पाचटात हात घालताना तिची गाठ पडते. हिचा दंश कमालीचा दुखतो, पाय सुजत जातो, रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो.

फुरसे काढायला छोटा कागद पुरे. वीत-दीड वीत ते हातभर. मातीने मातकट रंगवा, दोन्ही कडांना चुन्याची नागमोडी रेघ, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी किंवा बाणासारखी खूण. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि करवतीसारखा करकर आवाज काढते. माळावरच्या दगडाखाली असते. एवढेसे म्हणून मुले काठीने खेळवायला जातात. त्याचेही विष रक्तावर जाते.

मग नाग. त्याला मुले आधीच ओळखतात, म्हणून आम्ही त्यांना उलटा अभ्यास दिला : फणा न काढलेला नाग काढा! सगळी पोरे अडून बसली. "काका, फणा नसला तर नाग कसा?" इथेच खरी गोम आहे. नाग सदासर्वदा फणा काढून हिंडत नाही. फणा म्हणजे मानेच्या बरगड्या पसरून केलेले भेवडावणे आहे, 'मागे हो' असे सांगणे आहे. एरवी तो गव्हाळ, तपकिरी किंवा काळपट रंगाचा साधा लांब साप असतो आणि घाईत पाहणाऱ्याला धामणीसारखा वाटतो. फण्याच्या मागच्या बाजूला चष्म्यासारखी खूण असते, तीही फणा पसरल्यावरच नीट दिसते. नागाची मादी बिळात अंडी घालते आणि राखत बसते. साधारण दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात, आणि त्या बोटभर पिल्लांनाही पहिल्या दिवसापासून विष असते.

आता चौघांचे सोबती. हेही रंगवावेत, कारण यांच्यापायी बिचाऱ्यांचा फुकट जीव जातो. धामण सहा-सात फुटांपर्यंत वाढते, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. दिवसा फिरते, उंदरांचा फडशा पाडते. ती शेपटीने म्हशीचे पाय बांधून दूध पिते, हे धादांत खोटे. कवड्या मण्यारीसारखा दिसतो, पण त्याचा रंग तपकिरी असतो. पट्टे मानेजवळूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीच्या बरोबर उलट. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी काढली की फरक कायमचा डोक्यात बसतो. डुरक्या घोणस ही घोणशीची गरीब नक्कल. मांडूळ तर बिचारे दोन्ही टोकांना सारखे. त्याला दोन तोंडे नसतात, शेपटी बोथट असते एवढेच. गुप्तधन मिळते, पैशांचा पाऊस पडतो असल्या थापांनी लोक मांडुळाची चोरटी खरेदी-विक्री करतात आणि आपल्यातले बेकार तरुण दलालांच्या नादी लागून तुरुंगात जातात. पैसा कुणालाच मिळत नाही. वाळा तर गांडुळाएवढा. मुलींना आम्ही त्याची गंमत सांगितली तेव्हा त्या फार हसल्या. वाळ्याच्या जातीत नर नसतोच, सगळ्या माद्याच. नराशिवाय त्यांना पिल्ले होतात.

एक इशारा मात्र चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा. रंग फसवतात. कात टाकण्याच्या वेळी साप मळकट दिसतो, पिल्लांचे रंग वेगळे असतात, रात्री बॅटरीच्या उजेडात तपकिरीचा काळा होतो. हा पाठ सापाजवळ जाण्यासाठी नाही, त्याच्यापासून दूर राहण्यासाठी आहे. ओळख पटली नाही तर विषारीच समजायचे.

चित्रे रंगवताना मुलांच्या प्रश्नांना तोटा नव्हता. साप जीभ का काढतो? ती जीभ वास घेते. हवेतले वासाचे कण गोळा करून टाळूतल्या एका खास इंद्रियाला पोचवते. दुभंगलेल्या जिभेमुळे वास डावीकडून आला की उजवीकडून हेही त्याला कळते. साप झोपतो तेव्हा डोळे मिटतो का? त्याला पापण्याच नाहीत, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. पुंगीवर डोलतो ना? त्याला बाहेरचा कान नाही. जमिनीची थरथर त्याला उत्तम कळते, पण पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, हलणाऱ्या पुंगीकडे नजर लावून अंग हलवतो. उंदीर एवढा मोठा, तोंड एवढेसे, गिळतो कसा? खालच्या जबड्याची दोन्ही हाडे पुढे जुळलेली नसतात, ती ताणली जातात. दूध पितो का? नाही. ते त्याचे अन्नच नाही. गारुडी त्याला तहानलेला ठेवतो म्हणून तो समोर येईल ते तोंडात घेतो, आणि दुधाने त्याला अपायच होतो. बदला घेतो का? तेवढी आठवण ठेवणारा मेंदूच त्याला नाही. नागमणी? मण्याच्या मुलाने हे शेवटी, हळूच विचारले. नसतो म्हटल्यावर जरा हिरमुसला.

मुद्दाम डिवचल्याशिवाय साप अंगावर येत नाही हे दाखवण्यासाठी पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका खोलीत काढले होते. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. सहलीला पुण्याला गेलात तर मुलांना तिथे न्या. पण खैरे यांचे पाहून कुणी तसे करू नये, हेही तिथेच बजावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे साप मारणे, बाळगणे, त्यांचा खेळ करणे गुन्हा आहे. घरात साप निघाला तर लेकरांना दूर करून जाणत्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवावे.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्याकडे येतो. साप चावला तर? प्रथम रोग्याला धीर द्या. घाबरल्याने धावपळ होते आणि विष लवकर पसरते. चावलेल्या हातातल्या बांगड्या, अंगठी, पायातले जोडवे, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर ते रुततात. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी पट्टी-काठी लावून तो हात-पाय स्थिर ठेवा. दोरी करकचून आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने विष ओढू नका, बर्फ लावू नका, मिरच्या-कडुलिंबाचा पाला खायला घालून परीक्षा पाहू नका. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. १०८ क्रमांकाला फोन लावा आणि गाडीची वाट पाहत बसण्यापेक्षा जवळची मोटारसायकल मिळाली तर रोग्याला मधे बसवून, मागे एकाने धरून निघा.

सापाला शोधत, मारत बसू नका. डॉक्टरांना मेलेला साप नको असतो. आपल्या देशात दिली जाणारी लस या चारही सापांच्या विषावर एकच आहे. रोग्याची लक्षणे पाहून आणि रक्ताची साधी तपासणी करून डॉक्टर ठरवतात. ती तपासणी कोणत्याही खेड्यातल्या दवाखान्यात होते : काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर घोणस-फुरशाचे विष अंगात आहे असे समजतात. लहान मुलाला लस कमी द्या, असा आग्रह कुणी धरू नये. सापाने मुलाला विष कमी टोचलेले नसते, म्हणून लसीचे प्रमाणही मोठ्या माणसाइतकेच. ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

या लसीच्या मागे कुणाचे श्रम आहेत, हे आपल्या कष्टकरी वाचकांनी जरूर जाणून घ्यावे. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या प्रमाणात टोचतात, त्याच्या रक्तात त्या विषाला मारणारी द्रव्ये तयार होतात आणि ती वेगळी काढून लस बनते. मुंबईच्या परळची हाफकिन संस्था या कामासाठी नावाजलेली आहे. पण विष आणायचे कुठून? देशातले पुष्कळसे विष तामिळनाडूतले इरुला आदिवासी काढतात. पूर्वी ते सापाच्या कातड्यासाठी साप धरत. कातड्याचा व्यापार कायद्याने बंद झाल्यावर त्यांची उपासमार झाली. १९७८ साली त्यांनी सहकारी संस्था काढली. आता ते साप धरतात, विष काढून घेतात आणि साप परत रानात सोडतात. त्यांच्यापैकी वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. धाराशिवच्या दवाखान्यात आपल्या लेकराला टोचल्या जाणाऱ्या लसीमागे असे दूरच्या आदिवासी भावंडांचे हात असतात.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मोठ्या पाहणीतून हा आकडा २०२० साली पुढे आला. त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक १५ वर्षांखालची मुले. बहुतेक मृत्यू खेड्यांत, घरीच झालेले, आणि निम्मे पावसाळ्यात. यातली कितीतरी माणसे दवाखान्याच्या वाटेला लागलीच नाहीत, ती मांत्रिकाच्या ओट्यावर राहिली. मांत्रिकाचा गुण येतो तो बिनविषारी साप चावलेल्याला, आणि विषारी सापाने नुसते दात लावून विष न सोडलेल्याला. ते त्याच्याशिवायही वाचले असते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडून शेवटी प्राण दिले, तो हाच. आपल्यातही काहीजण साप चावल्यावर परित्तपाठ म्हणत बसतात. एक भिक्खू साप चावून मेला तेव्हा भगवंतांनी सापांविषयीही मैत्रीभाव ठेवायला सांगितले, अशी विनयपिटकात नोंद आहे. मैत्री जरूर ठेवावी, साप मारू नये. पण पाठ म्हणायचाच असेल तर तो दवाखान्याच्या वाटेवर म्हणावा, घरी बसून नव्हे.

झोपण्याची व्यवस्था हा गरिबाच्या घरातला नाजूक प्रश्न आहे. सर्वांना बाजा कुठून आणायच्या? तरी निदान लहान लेकरांसाठी एक बाज पहा. तेही जमत नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचा. नुसती लोंबती मच्छरदाणी कामाची नाही. अंथरूण रोज झटकावे. धान्याची पोती, सरपण, गोवऱ्या झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत, कारण जिथे उंदीर तिथे साप. लोहारा-उमरगा भागात १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीची बरीच घरे गेली, पण जिल्ह्यात जुन्या माळवदाची घरे अजून उभी आहेत. त्यांच्या भिंतींतल्या फटी पावसाआधी लिंपून घ्याव्यात. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि काठी हवीच, काठी आपटत चालावे. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींनी कोपी घालताना आतली जमीन चोपून घ्यावी, पाचटाचा ढीग कोपीला लागून ठेवू नये, आणि मच्छरदाणी कोयत्याइतकीच जरुरीची समजून गाठोड्यात बांधावी. फडावर पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी मुकादमाला विचारून ठेवावे की जवळचा सरकारी दवाखाना कुठे, रात्री गाडी कुणाची मिळेल.

राहता राहिला पैशाचा भाग. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात. पण ती योजना सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी आहे, वय १० ते ७५. वर सांगितलेल्या मुलीच्या वडिलांचा अर्ज लिहायला आम्हीच बसलो होतो. कागद पाहिले. जमीन गुंठाभरही नाही आणि मुलगी आठ वर्षांची. लिहायला काही उरलेच नाही. साप बांधावर नाव कुणाचे आहे हे पाहून चावत नाही. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुराला आणि त्याच्या दहा वर्षांखालच्या लेकराला या मदतीत जागा मिळाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे आणि ती आम्ही लिहून पाठवली आहे. आपणही आपापल्या गावातून पाठवावी.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा काढला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असे राज्यांना कळवले. कागदावरचे हे गावात उतरले की नाही हे आपणच विचारायचे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला महिला मंडळाने मुलांची ही चित्रे घेऊन जावे आणि तीन प्रश्न कारवाईत नोंदवून घ्यावेत : आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या आज किती आहेत, रात्री डॉक्टर असतात का, आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता. मिळालेली उत्तरे मण्यारीच्या चित्रामागे शाईने लिहावीत आणि ते चित्र दाराच्या आतल्या बाजूला, लहान मुलाच्या नजरेला येईल एवढ्या उंचीवर चिकटवावे.